साहाय्य आणि शाबिती

देवस्थानाच्या समाराधनेत पंगत बसते तेव्हा पानावर भात वाढणारा समोरच्याला ‘तुम्हांला भूक कशाने लागली?’ असे कधी विचारीत नाही. भूक आहे, एवढे पुरते. ती उपवासाने लागली, श्रमाने लागली की आळसाने, याची चौकशी करण्याचा अधिकार महाजनांनी वाढप्याला दिलेला नसतो. न्यायालयाची रीत याच्या नेमकी उलट आहे. तेथे नुकसान झाले एवढे दाखवून भागत नाही; ते कोणाच्या कृत्यामुळे झाले आणि त्या कृत्यावाचून ते टळले असते काय, हे साक्षीपुराव्याने शाबीत करावे लागते. आम्ही गेली वीस वर्षे याच शाबितीवर पोट भरीत असल्यामुळे तिची निंदा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. दान गरज पाहते आणि भरपाई कारण पाहते. दोन्ही रीती आपापल्या ठिकाणी योग्य आहेत. घोटाळा होतो तो अर्जदाराकडून भरपाईची शाबिती मागून त्याच्या पदरात दानाचे माप घातले जाते तेव्हा.

अशा घोटाळ्याचा एक बोधप्रद इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला आहे. परदेशी मालाच्या आयातीमुळे ज्यांचे काम गेले त्या कामगारांना सरकारने साहाय्य करावे यासाठी तेथे १९६२ साली एक कायदा झाला. अनेक दुरुस्त्या सोशीत तो २०२२ पर्यंत चालला. या साठ वर्षांचा वृत्तान्त आमच्या वाचकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. ज्या टॉवेलांनी तिकडच्या गिरण्यांना टाळे लावले त्यांतले बरेचसे चीन, पाकिस्तान आणि हिंदुस्थान येथे विणलेले होते.

मुळात हा प्रश्न फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड आमच्या बाजारात आले आणि आमच्या हातमागवाल्यांचा धंदा बुडू लागला, तेव्हा त्यांच्यासाठी कोणताही भरपाईचा कायदा झाला नाही. त्यांचे नुकसान हे कोणाचे कृत्य आहे असे राज्यकर्त्यांनी मानलेच नाही. पुढे काळाचे चक्र फिरले. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले, तेव्हा हिंदुस्थानने विलायती कापड नाकारल्याची झळ लागलेले बेकार कामगार त्यांना प्रत्यक्ष भेटले. स्वातंत्र्यानंतर तर हिंदुस्थान, पाकिस्तान आणि हाँगकाँग येथील कापड साम्राज्यांतर्गत जुन्या सवलतीने बिनजकात ब्रिटनमध्ये जाऊ लागले, आणि एके काळी साऱ्या जगाला कापड पुरविणारा तो देश १९५० नंतरच्या दशकाअखेर निर्यातीपेक्षा अधिक सुती कापड आयात करू लागला.

तेव्हा मॅकमिलन यांच्या सरकारने १९५९ साली ‘कॉटन इंडस्ट्री अ‍ॅक्ट’ केला. जुन्या चात्या व माग मोडीत काढणाऱ्या मालकाला भरपाई मिळावी, तिचा दोनतृतीयांश भाग सरकारी तिजोरीने द्यावा आणि उरलेला एकतृतीयांश धंद्यावरील पट्टीतून उभारावा, अशी योजना होती. सुमारे १ कोटी २० लाख चात्या आणि एक लाखाच्या आसपास माग त्या योजनेखाली भंगारात गेले. त्या मागांवर उभ्या असलेल्या माणसांचे काय? त्यांची भरपाई मालक-संघ आणि कामगार-संघ यांनी आपसांत ठरवावी व तिचा पैसा धंद्याने उभारावा, असे सांगून तिजोरीने आपला हात आखडता घेतला. यंत्राच्या भरपाईत सरकारचा वाटा, माणसाच्या भरपाईत नाही! कायदा वाचण्याची सवय असलेल्या माणसाने कलमांपेक्षा आधी ती कोणाच्या नावे लिहिली आहेत हे पाहावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

या दृष्टीने पाहता अमेरिकन कायदा एक पाऊल पुढे होता. तो कामगाराच्या नावे लिहिला गेला. १९५३-५४ मध्ये परराष्ट्रीय व्यापाराचे धोरण ठरविण्यासाठी नेमलेल्या रँडल आयोगावर पोलाद-कामगार संघाचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनल्ड हे एक सभासद होते. जकाती उतरविल्याने राष्ट्राचा लाभ होणार असेल, तर ज्यांच्या नोकऱ्या त्यापायी जातील त्यांना राष्ट्राने हात द्यावा, ही कल्पना त्यांनी तेथे मांडली. आयोगाच्या बहुमताला ती पटली नाही. तथापि तेव्हा सिनेटर असलेल्या जॉन केनेडी यांनी ती उचलली, आणि अध्यक्ष झाल्यावर १९६२ च्या व्यापारविस्तार कायद्यात तिला स्थान दिले. जे धोरण सर्व राष्ट्राच्या हितासाठी स्वीकारले आहे त्याचे सारे ओझे मोजक्या लोकांच्या पाठीवर पडू नये, असा त्यांच्या संदेशाचा आशय होता. हे तत्त्व भरपाईचे आहे, भिक्षेचे नाही. स्वस्त सदरा लाखो लोक घालतात, आणि त्याची किंमत एका गावातील काही हजार कुटुंबे भरतात; तेव्हा लाखोंनी त्या हजारांचे देणे लागावे, इतका हा साधा हिशेब आहे.

त्या कायद्यातील तरतूद वाचली तर ती उदारच वाटते. काम गेलेल्या माणसाला त्याच्या सरासरी आठवडी वेतनाच्या ६५ टक्के, अथवा कारखान्यांतील सर्वसाधारण वेतनाच्या ६५ टक्के, यांपैकी जे कमी असेल ते ५२ आठवडे मिळावे. शिक्षण चालू असेल तर आणखी २६ आठवडे. वय साठीच्या पुढे गेले असेल तर १३ आठवडे अधिक. नवे कसब शिकण्याची सोय, दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलविण्याचा खर्च, हेही त्यात होते.

परंतु दाराशी एक उंबरठा होता. जकात आयोगापुढे अर्जदारांना दोन गोष्टी शाबीत कराव्या लागत. आयात वाढली ती मुख्यतः करारान्वये दिलेल्या जकातीच्या सवलतीमुळेच वाढली, ही पहिली. आणि त्या वाढलेल्या आयातीमुळेच मुख्यतः आपले काम गेले, ही दुसरी. साच्यावर उभे राहणाऱ्या बाईला आपली गिरणी का बुडाली हे कसे कळावे? मालकाच्या वह्या तिच्या हाती नाहीत. गिऱ्हाइकाने माल दुसरीकडून का घेतला याचा पत्रव्यवहार तिच्यापाशी नाही. त्यातच यंत्रे सुधारली, कृत्रिम धाग्याची चाल पडली, मालकाने दुरुस्तीवर पैसा खर्चिला नाही, अशी दहा कारणे एकाच वेळी चालू असतात. त्या दहांतून एक वेगळे काढून ‘हेच मुख्य’ असे दाखविणे निष्णात अर्थशास्त्रज्ञालाही अवघड. परिणाम व्हायचा तोच झाला. १९६२ मध्ये झालेल्या या कायद्याखाली १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. सात वर्षे पंगत मांडलेली होती आणि एकही पान वाढले गेले नव्हते. अमेरिकन कामगार-संघटना या साहाय्याला ‘मर्तिकाचा विमा’ म्हणू लागल्या, त्यात नवल नाही.

याच काळात गिरणीमालकांची व्यवस्था मात्र निराळ्या दाराने झाली होती, हेही नमूद केले पाहिजे. व्यापारविस्ताराच्या कायद्याला कापडधंद्याच्या प्रांतांतील प्रतिनिधींची मते हवी होती. म्हणून १९६१ व १९६२ साली सुती कापडाच्या आयातीवर आंतरराष्ट्रीय कराराने कोटा बसविण्यात आला. १९७४ पासून तोच ‘मल्टिफायबर अ‍ॅरेंजमेंट’ या नावाने लोकरी व कृत्रिम धाग्यांच्या कापडालाही लागू झाला. कोट्यासाठी कोणा एका मालकाला आपले व्यक्तिगत नुकसान शाबीत करावे लागले नाही. हे बांध १९९५ पासून दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने काढले गेले आणि १ जानेवारी २००५ रोजी शेवटचा बांध फुटला.

१९७४ च्या व्यापार कायद्याने उंबरठा पुष्कळ खाली आणला. जकातीच्या सवलतीचा पुरावा आता नको होता. आयातवाढीने बेकारीला ‘महत्त्वाचा हातभार’ लावला एवढे पुरे; ते कारण इतर सर्व कारणांहून मोठे असलेच पाहिजे असा आग्रह राहिला नाही. तीन कामगार एकत्र येऊन अर्ज करू शकत, आणि चौकशी मजूर खात्याने करावयाची होती. दार उघडताच गर्दी झाली. १९८० साली मोटार-कारखान्यांतील लाखो कामगार आत आले व खर्च १६० कोटी डॉलरांच्या घरात गेला. तो पाहून १९८१ मध्ये रेगन यांच्या कारकीर्दीत कायद्याला कात्री लागली. भत्ता सामान्य बेकारी-भत्त्याइतकाच आणि तो संपल्यानंतरच मिळू लागला. म्हणजे शाबिती भरपाईची राहिली आणि माप दानाचे झाले. १९८८ पासून भत्त्यासाठी शिक्षण घेण्याची अट आली. २००२ च्या सुधारणेने आरोग्य-विम्याच्या हप्त्यात सवलत आणि पन्नाशी उलटलेल्यांसाठी वेतन-विमा, या दोन नव्या गोष्टी जोडल्या. कायदा पुन्हा रुंद झाला, आणि लगेच त्याच्या कसोटीची वेळ आली.

उत्तर कॅरोलायनातील कानापोलिस हे गाव गिरणीच्या पोटी जन्मले होते. जेम्स विल्यम कॅनन यांनी १८८७ साली शेजारच्या काँकॉर्ड गावी गिरणी काढली. १९०६ मध्ये त्यांनी नव्या गिरणीसाठी जमीन घेतली आणि तीभोवती हे गाव वसले. ‘कॅनन’ छापाचे टॉवेल अमेरिकेच्या घराघरांत गेले. घरे गिरणीची, रस्ते गिरणीचे. १९८४ पर्यंत गावाला स्वतःची नगरपालिकासुद्धा नव्हती. आजोबा, मुलगा आणि नात एकाच खात्यात काम करीत असल्याची उदाहरणे तेथे विरळा नव्हती. शाळा अर्धी सोडून साच्यावर जावे, कारण साचा जन्मभर भाकरी देणार, हा तेथील व्यवहार होता. पुढे मालक बदलत गेले. १९९७ मध्ये ‘पिलोटेक्स’ कंपनीने गिरण्या घेतल्या. अनेकदा हार खाल्लेल्या कामगार-संघटनेला १९९९ मध्ये प्रथमच कामगारांचा कौल मिळाला. परंतु २००० साली कंपनीने दिवाळे काढले, मधे पुन्हा उभी राहिली, आणि ३० जुलै २००३ रोजी तिने आपल्या साऱ्या गिरण्या कायमच्या बंद केल्या. सुमारे साडेसहा हजार माणसांचे काम तत्काळ गेले. त्यांतील चार हजारांहून अधिक एकट्या उत्तर कॅरोलायनातील होती. त्या राज्याने तोवर एका दिवसात इतकी माणसे बेकार झालेली पाहिली नव्हती.

या कामगारांना प्रमाणपत्र मिळाले. येथे शाबिती आडवी आली नाही. टॉवेलांची आयात डोळ्यांपुढे होती. म्हणूनच हे उदाहरण अधिक शिकविणारे आहे. दार उघडल्यावर आत काय वाढून ठेवले होते, ते येथे स्पष्ट दिसते.

पहिली गोष्ट शिक्षणाची. सरकारी खर्चाने दोन वर्षांपर्यंत नवे कसब शिकण्याची सोय होती, आणि जवळच्या रोवान-कबारस महाविद्यालयात माणसांची रीघ लागली. पण ज्यांना नर्सिंग किंवा यंत्रदुरुस्ती शिकावयाची त्यांतील कित्येकांपाशी शालान्त परीक्षेचा दाखला नव्हता. पन्नाशीच्या बाईने आधी अपूर्णांक आणि निबंध शिकावे, मग परीक्षा द्यावी, मग खरा अभ्यासक्रम सुरू करावा. आणि भत्त्याचे आठवडे मात्र पहिल्या दिवसापासून मोजले जावेत! शिवाय नाव नोंदविण्याची मुदत होती. प्रमाणपत्रानंतर आठ आठवडे किंवा काम गेल्यानंतर सोळा, यांपैकी जी नंतर संपेल तिच्या आत. मुदतीचा कायदा किती निर्दय असतो हे आम्ही वकील जाणतो. ज्याच्या घरी नुकतेच आकाश कोसळले आहे, त्याला सोळा आठवड्यांत उरलेल्या आयुष्याचा धंदा निवडावयास सांगणे हे त्या निर्दयतेचेच रूप आहे.

दुसरी गोष्ट औषधपाण्याची. अमेरिकेत आरोग्य-विमा बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. गिरणी गेली की तो गेला. कायद्याने हप्त्याच्या ६५ टक्के सवलत देऊ केली. उरलेले ३५ टक्के कोणी भरावयाचे? ज्याला वेतन नाही त्याने. ऐकण्यास मोठी वाटणारी ही सवलत अनेकांच्या आवाक्याबाहेर राहिली.

तिसरी गोष्ट वेतन-विम्याची, आणि ती आम्हांला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. पन्नाशीच्या पुढील माणसाने २६ आठवड्यांच्या आत कमी पगाराची दुसरी नोकरी पत्करली, तर जुन्या आणि नव्या पगारातील फरकाचा निम्मा भाग सरकार दोन वर्षे देई. मर्यादा एकूण १०,००० डॉलर. समजा, वर्षाला २५,००० डॉलर मिळविणाऱ्याला १७,००० ची नोकरी मिळाली, तर फरक ८,००० चा. त्यातले ४,००० त्याला दर वर्षी मिळत. यात म्हाताऱ्या विणकराला विद्यार्थी बनविण्याचा हट्ट नाही. पण हा मार्ग धरला की शिक्षणाचा मार्ग बंद होई, आणि दोन वर्षांनंतर फरकाची सारी रक्कम त्याच्याच अंगावर येई.

आणि ज्यांना प्रमाणपत्रच नाही त्यांचे काय? गिरणीला माल पुरविणाऱ्यांसाठी २००२ च्या कायद्यात थोडीशी जागा होती. पण गिरणीच्या पगारावर ज्याचे दुकान चाले तो वाणी, तो न्हावी, तो खानावळवाला यांच्यासाठी कोणतेही कलम नव्हते. कारणाची साखळी त्यांच्यापर्यंत पोहोचत होती, कायदा मात्र अलीकडेच थांबत होता. २००५ साली तेथे जीवशास्त्रीय संशोधनाचे नवे केंद्र उभारण्याची घोषणा झाली. जुनी गिरणी पाडण्यात आली आणि नव्या शुभ्र इमारती उभ्या राहिल्या. गावाला नवे आयुष्य मिळाले, पण ज्या हातांनी टॉवेल विणले त्यांतील थोड्याच हातांना त्या प्रयोगशाळांत काम मिळण्यासारखे होते.

या साऱ्या साहाय्याचा उपयोग तरी झाला काय? विद्वानांचे एकमत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत साहाय्य घेणाऱ्यांची मिळकत चार वर्षांनंतरही तुलनेच्या गटापेक्षा कमीच आढळली. उलट बेंजामिन हायमन यांच्या २०१८ च्या अभ्यासात, शिक्षण घेतलेल्यांनी दहा वर्षांत एकंदर सुमारे ५०,००० डॉलर अधिक मिळविले असे दिसले. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या तिघांच्या २०१३ च्या लेखातून आणखी एक गोष्ट पुढे आली. चिनी आयातीचा तडाखा बसलेल्या भागांत सरकारी पैसा वाढला तो मुख्यतः अपंगत्व-वेतन, औषधोपचार अशा सर्वसाधारण मार्गांनी. खास याच कामासाठी केलेल्या कायद्याचा वाटा त्यात अगदी किरकोळ होता. म्हणजे ज्या दारावर विस्थापितांचे नाव कोरले होते त्यातून थोडेच आत गेले, आणि पुष्कळांनी ज्या दारावर कारण विचारीत नाहीत तेच ठोठावले.

२००९ मध्ये सेवाधंद्यांतील लोकांनाही या कायद्यात घेण्यात आले, नंतर तो आक्रसला, पुन्हा वाढविला गेला. अखेर मुदतवाढ न मिळाल्यामुळे १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांना प्रमाणपत्र देण्याचा मजूर खात्याचा अधिकार संपला. आयात थांबली नव्हती, गिरण्या बंद पडणे थांबले नव्हते. थांबला तो कायदा.

यावरून साहाय्याच्या कायद्याने कारण विचारूच नये, असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा होईल. आमच्या देशात १९८६ साली सुरू झालेल्या वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधीच्या योजनेत गिरणी का बंद पडली याला महत्त्व नव्हते, ती कायमची बंद पडली आहे एवढे पाहिले जाई. आणि पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मिळत. उतरत्या पायऱ्यांची ही रचना अमेरिकन रचनेपेक्षा सरळ होती. पण ‘कायमची बंद’ हे ठरावयासच आमच्याकडे वर्षे लागतात. आमच्या इंदूरच्या वाचकांना हे सांगावयास नको. तेथील हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या हक्काच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये सुटले ते २०२३ च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षांत अनेकांच्या जागी त्यांचे वारस उभे होते. तेथे शाबितीने नव्हे, दिरंगाईने माणसाला हरविले.

तेव्हा आम्हांला एवढेच म्हणावयाचे आहे, की साहाय्य योजणाऱ्याने प्रथम आपण भरपाई देत आहो की आधार, हे मनाशी निश्चित करावे. भरपाई असेल तर कारण अवश्य पाहावे, पण ते शोधण्याचे काम ज्याच्या हाती वह्या व दप्तरे आहेत त्या सरकारने करावे, आणि मग माप पुरते टाकावे. आधार असेल तर कारण विचारू नये, आणि वेळेवर द्यावे. हा विवेक केवळ वॉशिंग्टनने किंवा दिल्लीने करावयाचा असे नाही. आमच्या देवस्थानांचे आणि शिक्षणसंस्थांचेही साहाय्यनिधी आहेत. त्यांचे अर्ज आम्ही स्वतः तयार करून दिले आहेत. वडिलांचे काम का गेले याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दोन प्रतिष्ठितांची शिफारस, अशी कलमे लिहिताना आमची लेखणी कधी अडखळली नाही. कानापोलिसचा हा वृत्तान्त वाचल्यावर तो कागद आम्ही पुन्हा काढून पाहिला, आणि त्यातील पहिले कलम खोडून टाकावे अशी विनंती कार्यकारी मंडळाला करण्याचे ठरविले आहे. ज्यांच्या हाती असे निधी आहेत त्या वाचकांनीही आपापले अर्ज एकदा या दृष्टीने वाचावेत, असे त्यांना आमचे सांगणे आहे.